आठ एमएमचा बोल्ट आणि म्हातारी एमजी

पंचाहत्तर वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार आज चालती ठेवायची, तर नक्की काय लागतं? पैसा लागतोच. पण त्याआधी लागतो लेथवाला, सुतार, सायकलवाला आणि मिक्सर दुरुस्त करणारा.

सक्करदरा चौकात सिग्नल लागला की आजूबाजूच्या गाड्यांचे लोगो वाचत बसायची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. अष्टकोनी चौकटीत ‘एमजी’ ही दोन अक्षरं दिसली की डोक्यात येते हेक्टर, नाहीतर इलेक्ट्रिक विंडसर. ‘चायनीज कंपनी आहे भाऊ,’ हे ज्ञानही सिग्नल सुटायच्या आत कुणीतरी देऊन टाकतं. माहिती अर्धी बरोबर आहे. आज हा ब्रँड चीनच्या ‘सैक’ या कंपनीकडे आहे, भारतात त्यात जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे आणि गाड्या गुजरातमधल्या हलोलला बनतात. पण ती दोन अक्षरं आहेत ‘मॉरिस गॅरेजेस’ची. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड शहरातल्या एका गॅरेजची. तिथला मॅनेजर सेसिल किंबर याने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांना हलकी, देखणी बॉडी चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी हे नाव उभं राहिलं. पुढे ॲबिंग्डन गावी कारखाना आला आणि १९८० मध्ये तो बंद होईपर्यंत एमजी म्हणजे छोटी, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार हे समीकरण पक्कं होतं.

या घराण्यातली सगळ्यात लाडकी गाडी म्हणजे एमजी टीसी. दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये ती आली आणि १९४९ पर्यंत बनली. एकूण गाड्या सुमारे १० हजार. आज एखाद्या स्कूटरचा इतका खप काही दिवसांत होतो. लांब बॉनेट, समोर मोठे गोल दिवे, दोन्ही बाजूंना लाटेसारखे मडगार्ड, तारांची उंच चाकं, मागे उघडंच बसवलेलं पेट्रोलचं टाकं आणि पुढे आडवी पाडता येणारी काच. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅलींमध्ये एमजीसमोर सेल्फीसाठी गर्दी होते ती उगाच नाही.

अशी गाडी बघायला सगळ्यांना आवडतं. ती चालते कशी, बिघडली तर कोण दुरुस्त करतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. म्हणून या लेखात आपण एक खेळ खेळू. समजा, एक एमजी टीसी आपल्या सक्करदऱ्यात आणून उभी केली. बंद पडलेली, धुळीने भरलेली. तिला परत रस्त्यावर आणायला कोण कोण लागेल?

आधी ओळख

टीसीच्या इंजिनाचं नाव एक्सपीएजी. चार सिलिंडर, १२५० सीसी, ताकद साधारण ५४ बीएचपी. तुलनेसाठी सांगते, चाकणला बनणारी आताची ड्यूक ३९० सुमारे ३९९ सीसीतून ४६ पीएस काढते. म्हणजे कागदावर एमजी काही भारी नाही. वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. पण सीट रस्त्याच्या इतकी जवळ, वारा थेट तोंडावर, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, ब्रेकला बूस्टर नाही, स्टिअरिंगला पॉवर नाही. ५०च्या वेगात १०० चा थरार. आणि एक गोष्ट आपल्या सोयीची. टीसी फक्त उजव्या स्टिअरिंगचीच बनली. अमेरिकेत सुमारे २ हजार गाड्या गेल्या, त्याही उजव्या स्टिअरिंगच्याच.

भारतात अशा गाड्या आल्या त्या इंग्रज अधिकारी, चहामळ्यांचे मालक, मुंबईचे हौशी लोक आणि संस्थानिक यांच्यामुळे. वेगाचं वेड आपल्या मराठी राजघराण्यांनाही होतं. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूझेनबर्ग जगभरच्या गाडीप्रेमींना माहीत आहे. इंजिन-चासी अमेरिकेची, सुपरचार्जर लावलेली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग नारिंगी-काळा आणि एवढ्या लांबलचक गाडीत सीट फक्त दोन. अशी दुसरी बनली नाही. ती गाडीही पुढे भारताबाहेर गेली. संस्थानं संपल्यावर अनेक चांगल्या गाड्या अशाच परदेशी गेल्या, काही भंगारात गेल्या. आणि गाड्यांबरोबर त्यांना हात लावणारे मिस्त्रीही कमी होत गेले.

आता आपल्या एमजीकडे.

लेथवाला : डोकं इंग्रजी, आटे फ्रेंच

पहिलंच काम, इंजिन उघडायचं. तुम्ही १३ नंबरचा पाना घेऊन जाता. लागत नाही. १४ चा ढिला होतो. कारण एक्सपीएजीच्या बोल्टची डोकी मिलिमीटरमध्ये नाहीत, व्हिटवर्थ मापात आहेत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्यांसाठी एक प्रमाण मांडलं आणि इंग्लंडने ते स्वीकारलं. आपल्याकडेही मेट्रिक येण्याआधी हेच चालायचं, म्हणून जुन्या मिस्त्रींच्या पेटीत आजही ‘डब्ल्यू’ लिहिलेले पाने सापडतात. व्हिटवर्थ पान्यावरचं माप बोल्टच्या डोक्याचं नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

बरं, पाना मिळाला, बोल्ट निघाला. आता वाटतं की आटेही व्हिटवर्थच असतील. तर नाही. आटे मेट्रिक! असं का? मॉरिसचं इंजिन बनायचं कोव्हेन्ट्रीच्या ज्या कारखान्यात, तो मुळात हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समधून इंग्लंडमध्ये येऊन तो थाटला. यंत्रं अर्थातच मेट्रिक. १९२३ मध्ये मॉरिसने तो विकत घेतला. सगळी यंत्रं बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून आटे मेट्रिकच ठेवले. आणि इंग्लंडच्या मिस्त्रींकडे व्हिटवर्थ पाने असल्याने डोकी व्हिटवर्थ केली. एका कारखान्याचा व्यवहार वीस-पंचवीस वर्षांनी बनलेल्या गाडीच्या इंजिनाच्या बोल्टमध्ये उतरला.

गोष्ट इथेही संपत नाही. आजच्या गाड्यांमध्ये ८ एमएमचा बोल्ट घेतला, तर त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, साधारणपणे सव्वा मिलिमीटर असतो. एक्सपीएजीमध्ये तो १ मिलिमीटर आहे. फरक पाव मिलिमीटरचा. डोळ्याला दिसतच नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ८ एमएमचा बोल्ट आणला, तर तो दोन आटे आत जातो, मग अडतो. नवा पोऱ्या काय करतो? जोर लावतो. आणि पाऊणशे वर्षं टिकलेल्या बीडाच्या ब्लॉकमधले आटे दोन सेकंदांत जातात.

म्हणून पहिला माणूस लागतो तो लेथवाला. पिच गेज लावून आटे ओळखणारा, हवा तसा बोल्ट कातून देणारा, आटे गेलेच तर भोक मोठं करून त्यात नवीन बुश बसवून परत मूळ मापाचे आटे पाडणारा. एक्सपीएजीचे बरेचसे पार्ट आजही इंग्लंडमध्ये नव्याने बनतात आणि कुरिअरने येतात. पण बोल्ट तुटून ब्लॉकमध्ये अडकला, तर तो काढणारा माणूस कुरिअरने येत नाही.

सुतार : गाडीत लाकूड?

हो. टीसीच्या बॉडीचा सांगाडा लाकडी आहे. खाली लोखंडी चासी, तिच्यावर लाकडी चौकट आणि त्या चौकटीवर पत्रा ठोकलेला. दारं त्या लाकडाला लटकलेली. हे लाकूड ‘ॲश’ नावाच्या झाडाचं. हलकं, लवचीक, धक्के सहन करणारं. हातोड्यांचे दांडे, टेनिसच्या जुन्या रॅकेट याच लाकडाच्या असत.

आता हे लाकूड विदर्भाच्या हवेत आणा. मे महिन्यात पारा ४५च्या वर, जुलैत ओल. लाकूड आकसतं, फुगतं, सांधे सुटतात. पाणी झिरपलं की कुजतं, वाळवी लागली की आतून पोकळ होतं आणि वर पत्रा जसाच्या तसा चकाकतो. दार उघडल्यावर ते खाली बसलं, बंद करताना उचलून लावावं लागलं, तर समजायचं की बिजागरी ठीक आहे, आतलं लाकूड गेलंय.

ॲश आपल्या लाकडाच्या वखारीत सहजी मिळत नाही. मग सागवान? तो तर आपला घरचा. नव्या संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं. पण सुताराला इथे विचार करावा लागतो. सागाला वाळवी सहसा लागत नाही, पाणीही तो छान सोसतो. मात्र सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे चिकटवलेला सांधा नीट धरत नाही. आणि ॲशसारखा वाक तो घेत नाही. साग वापरायचा तर सांधे वेगळ्या पद्धतीने करायचे, चिकटवायच्या आधी पृष्ठभाग साफ करायचा, स्क्रू जास्त द्यायचे. प्लायवूड कापून ठोकणाऱ्याचं हे काम नाही. दरवाजाची चौकट, खाटेचे सांधे हाताने काढलेल्या माणसाचं आहे.

सायकलवाला आणि चाकाचा ‘आउट’

टीसीची चाकं १९ इंची आणि तारांची. तारा सैल झाल्या की चाक डुलतं. ते सरळ करायला मॉलच्या टायर शोरूममधलं कॉम्प्युटर मशीन कामाचं नाही. चाक फिरवायचं, खडू जवळ धरायचा, जिथे खूण लागते तिथली एका बाजूची तार अर्धा फेरा आवळायची, दुसऱ्या बाजूची सोडायची. म्हणजेच चाकाचा ‘आउट’ काढायचा. आपल्या लहानपणी सायकल दुकानातले काका हेच करायचे. तार बोटाने छेडून आवाजावरून ती किती ताणली आहे ते सांगायचे.

चाक बसतं तेही मधल्या एकाच मोठ्या नटवर. त्याला दोन कान असतात आणि तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने त्यावर ठोकून तो आवळायचा. लोखंडी हातोडा चालत नाही, कान तुटतात. डाव्या आणि उजव्या चाकाच्या नटचे आटे एकमेकांच्या उलटे असतात, म्हणजे गाडी चालताना नट सुटत जाणार नाही. विश्वास बसत नसेल तर आपल्या सायकलचं पॅडल खोलून बघा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. कल्पना तीच.

मिक्सरवाला आणि उलटी बॅटरी

टीसीला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. आत फिरणारं आर्मेचर, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, त्यांना घासणारे कार्बन. घरातल्या मिक्सरच्या मोटरमध्ये हेच असतं. म्हणून डायनॅमो जळाला, तर त्याचं वाइंडिंग पुन्हा भरू शकणारा माणूस म्हणजे मिक्सर आणि ड्रिल मशीनची आर्मेचर भरणारा. कूलरच्या शहरात मोटर वाइंडिंगवाल्यांची कमी नव्हतीच. पण आता मिक्सर बिघडला की नवीनच घेतो आपण, त्यामुळे बारीक आर्मेचर हाताने भरणारे शोधावे लागतात.

वायरिंगमध्ये अजून एक सापळा आहे. आजच्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. टीसीमध्ये पॉझिटिव्ह. कुणी सवयीने बॅटरी उलटी लावली किंवा मोबाइल चार्जिंगचं सॉकेट हौसेने बॉडीला ठोकून बसवलं, की शॉर्ट. वायरवर कापडी वेष्टण असतं, ते उंदरांना फार आवडतं. म्हणून अशी गाडी उभी करताना बॅटरीची तार सोडून ठेवायची, हा पहिला नियम.

ट्यूनिंग : कानाला नळी लावून

इंजिनाला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर. प्रत्येकात एक पिस्टन वर-खाली होतो, त्याला खाली बारीक होत गेलेली सुई असते आणि ती जेटमध्ये किती आत आहे यावर पेट्रोल किती जाणार ते ठरतं. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे तपासायची जुनी पद्धत भारी आहे. रबराच्या नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी. ‘स्स्स’ आवाज ऐकायचा. मग दुसऱ्याचा ऐकायचा. दोन्ही ‘स्स्स’ सारखे येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. कुठलंही ॲप नाही, ओबीडी स्कॅनर नाही. डॉक्टरचा स्टेथोस्कोपच म्हणा.

पेट्रोल ओढायला विजेवर चालणारा पंप. चावी फिरवली की तो टिकटिक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की गप्प बसतो. टिकटिक आलीच नाही तर पॉइंट चिकटलेत, थांबलीच नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकी रिकामी आहे. इतकं सोपं निदान आजच्या गाडीत नाही.

पण नागपूरच्या उन्हात हाच पंप त्रास देतो. तो बॉनेटखाली, इंजिनामागच्या भिंतीवर आहे. ट्रॅफिकमध्ये अडकलात की इंजिनाची धग आणि वरचं ऊन मिळून पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही. गाडी बंद. याला म्हणतात व्हेपर लॉक. उपाय काय? बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि शांतपणे वाट बघायची. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घेऊन तिला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची, हा कायमचा उपाय.

पंपावरचं पेट्रोलच बदललं

इथे गोष्ट थोडी गंभीर होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणलं गेलं आणि २०२५ मध्ये ते गाठलंही. आपले खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी इथेनॉलचा आग्रह अनेक वर्षं धरला आहे. तेल आयातीवरचा खर्च कमी व्हावा आणि ऊस, मका, तांदळाला बाजार मिळावा ही त्यामागची भूमिका. विदर्भातल्या शेतकरी घरातल्या वाचकांना याचं महत्त्व सांगायची गरज नाही.

जुन्या गाडीसाठी मात्र इथेनॉल त्रासाचं आहे. एक, ते हवेतलं पाणी शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी-इथेनॉलचा थर साचतो आणि टाकी आतून गंजते. दोन, जुनं रबर आणि कॉर्क त्याने खराब होतात. टीसीच्या कार्ब्युरेटरमध्ये गळती थांबवणाऱ्या चकत्या कॉर्कच्या आहेत. तीन, इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं.

अशी वेळ या इंजिनांवर पहिल्यांदा आलेली नाही. ती बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकीचं झिजण्यापासून रक्षण करायचं. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी ते गरजेचंच होतं. जुन्या गाडीवाल्यांनी मग हेड उघडून त्यात कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या. हे कामही मशीन शॉपमध्ये, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजून करायचं. ई-२०साठीही तसेच उपाय आहेत. इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि चकत्या, थोडी बारीक सुई म्हणजे पेट्रोल जास्त जाईल, आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणं. उपाय आहेत, फक्त ते करणारा हात हवा.

नियम काय म्हणतो?

काटेकोर इंग्रजी व्याख्येत ‘व्हिंटेज’ म्हणजे १९३० पर्यंतच्याच गाड्या. त्या हिशेबाने टीसी व्हिंटेज नाहीच. पण आपल्या कायद्याचं माप वेगळं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नूतनीकरणाची ५ हजार, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोज कॉलेजला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

या नियमातला कळीचा भाग ‘मूळ स्वरूप’ हा आहे. चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. हे योग्यच आहे. नाहीतर लोक एमजीत मारुतीचं इंजिन घालतील, आणि घातलीही आहेत. अनेक जुन्या गाड्यांची इंजिनं पार्ट मिळत नाहीत म्हणून अशीच बदलली गेली. मिस्त्रीचा त्यात दोष नाही. गाडी चालली पाहिजे, घरच्या लग्नात मिरवली पाहिजे, हीच मालकाची मागणी होती.

मग प्रश्न येतो, सडलेलं ॲश काढून सागवान घातलं, व्हॉल्व्ह सीट बदलल्या, नळ्या बदलल्या, तर गाडी मूळची राहिली का? मला यावर आजीची गोधडी आठवते. वरची साडी दोनदा बदलली, आतली फडकी विरली, नवी घातली, टाके नव्याने घातले. तरी घरात ती ‘आजीची गोधडी’च. कारण ती नेहमी त्याच पद्धतीने शिवली गेली. गाडी जपणारी चांगली माणसं हाच नियम पाळतात. जे वाचवता येतं ते बदलायचं नाही. जे बदलावं लागतं ते मूळ मापाने, मूळ पद्धतीने करायचं. काढलेला जुना पार्ट फेकायचा नाही, चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा. आणि केलेलं प्रत्येक काम वहीत लिहायचं, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल.

खरी दुर्मीळ गोष्ट कोणती?

आता आपल्या खेळाचा हिशेब करू. म्हाताऱ्या एमजीला लागले लेथवाला, सुतार, सायकलवाला, वाइंडिंगवाला, कार्ब्युरेटर ऐकणारा मिस्त्री आणि हेडचं काम करणारं मशीन शॉप. यातला एकही ‘स्पोर्ट्स कार स्पेशालिस्ट’ नाही. ही सगळी उमरेड रोडच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या वस्तीत असायची तशी माणसं. सायकली, पलंग, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करून त्यांचे हात तयार झाले. याचा अर्थ, दुर्मीळ गाडी टिकते ती रोजच्या साध्या दुरुस्तीच्या जिवावर. आपण मिक्सर, सायकल, खुर्ची दुरुस्त करणं सोडलं की ती दुकानं बंद होतात. आणि मग कोट्यवधींची गाडीसुद्धा दिवाणखान्यातला पुतळा होते. पार्ट इंग्लंडहून मागवता येतो, पण तो बसवायला आपल्या गल्लीतला माणूस लागतो.

आपल्या वयाच्या मुलांसाठी यात संधीही आहे. आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्ट, शीट मेटल, मोटर मेकॅनिक हे ट्रेड आजही शिकवले जातात. ‘मार्क कमी पडले म्हणून आयटीआय’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण १ मिलिमीटर पिचचा आटा बीडाच्या ब्लॉकमध्ये सरळ पाडणं हे डिग्रीच्या कुठल्याही सेमिस्टरपेक्षा सोपं नाही. इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तशी कार्ब्युरेटर जाणणारी माणसं आणखी कमी होतील. ज्यांच्याकडे हे काम येईल, त्यांच्या दारात गाडीवाले रांग लावतील. डिझाइन आणि इंजिनिअरिंगवाल्यांनाही काम आहे. तुटलेल्या पार्टचं थ्रीडी स्कॅनिंग, त्यावरून साचा, मग ओतकाम. जुनं लेथ आणि नवं सॉफ्टवेअर एकत्र आलं, तर इंग्लंडच्या कुरिअरची वाट बघावी लागणार नाही.

घरातल्या म्हाताऱ्या गाडीसाठी

एमजी काही आपल्या घरी नाही. पण घराच्या मागे, जिन्याखाली, ताडपत्रीत गुंडाळलेली एखादी जुनी गाडी बऱ्याच घरी असते. तिच्यासाठी एवढं करा.

• ताडपत्री काढा. आत ओल कोंडते आणि गंज लागतो. हवा खेळेल असं सुती कव्हर घाला.

• जुनं पेट्रोल काढून टाका. वास आंबट येत असेल तर ते इंजिनात जाऊ देऊ नका.

• बॅटरीची तार सोडा. उंदरांचं घरटं आहे का बघा, विशेषतः एअर फिल्टरमध्ये.

• टायरवर चार आकडे शोधा. ‘२३१९’ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, त्यावर भरोसा नाही. आकडे चारऐवजी तीनच असतील तर तो टायर २००० पूर्वीचा. चालवूच नका.

• हायड्रॉलिक ब्रेक असतील तर ऑइल बदला. ते हवेतलं पाणी शोषतं.

• लगेच किक मारू नका. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, हाताने इंजिन हळूच फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, मिस्त्रीला बोलवा.

• सुरू झाली की दोन मिनिटांत बंद करू नका. इंजिन पूर्ण तापू द्या, म्हणजे आतला ओलावा निघून जातो.

आणि आरसी बुक शोधून पहिल्या नोंदणीची तारीख वाचा. नियम दुचाकीलाही लागू आहे हे लक्षात ठेवा. बजाज चेतक बाजारात आली १९७२ मध्ये. म्हणजे त्या सुरुवातीच्या वर्षांतली एखादी चेतक तुमच्या आजोबांनी घेतली असेल, तर कायद्याच्या हिशेबाने ती आता व्हिंटेज आहे. आजोबा असतील तर तिचा मिस्त्री कोण होता ते आजच विचारून घ्या.